निळू फुले यांना कायमचे ‘खलनायक’ करून मराठी चित्रपटाने त्यांच्यावर अन्याय केला का?

रंगपीठ

१३ जुलै २००९ रोजी निळू फुले पुण्यात गेले. त्यानंतर इतकी वर्षे उलटली, तरी त्यांचे नाव निघाले की समोरचा माणूस आवाज घोगरा करतो, ओठ वाकडा करतो आणि वाड्यावर बोलावण्याचे ते एक वाक्य म्हणून दाखवतो. मला दर वेळी वाईट वाटते. ज्या नटाने १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर पहिल्यांदा उभा केला आणि १९७९ मध्ये ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस पडद्यावर जिवंत केला, त्याची आठवण एका नकलेपुरती उरावी, ही त्यांच्या चाहत्यांची चूक आहेच, पण माझ्या मते मूळ दोष आपल्या चित्रपटसृष्टीचा आहे.

‘एक गाव बारा भानगडी’ १९६८ साली आला, त्यातल्या झेलेअण्णांनी फुले यांना घरोघरी पोहोचवले, आणि तिथूनच त्यांच्याभोवती एक चौकट आखली गेली. पुढची कितीतरी वर्षे निर्मात्यांनी त्यांना तेच धोतर, तीच टोपी, तोच सरपंच आणि तोच सावकार दिला. सखाराम हा छापखान्यात पुस्तके बांधणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात आणून ठेवणारा, रांगडा आणि शिवराळ माणूस. पण तोच संध्याकाळी मृदंग घेऊन बसतो आणि त्यात हरवून जातो. ही दोन्ही टोके एका देहात पटवून देणे ज्याला साधले, त्याच्याकडून आपण वर्षानुवर्षे फक्त छद्मी हसणे मागत राहिलो. हा अन्याय नाही तर काय आहे, असा माझा प्रश्न आहे.

कृष्णाकाठ

रंगपीठ, तुमची कळकळ पोहोचली, पण निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही ज्याला चौकट म्हणता, ते माझ्या दृष्टीने फुले यांचे सर्वांत मोठे काम आहे.

काळ लक्षात घ्यावा. १९६२ च्या कायद्याने वतनदार पाटीलकी संपली, आणि त्याच वर्षी १ मेपासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी साखर कारखानदारी तर १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभी राहिलीच होती. गावातली सत्ता वाड्यातून निघून कारखान्याच्या, बँकेच्या आणि पतपेढीच्या कचेरीत जाऊन बसत होती, माणसे मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली होती. हा बदल आमच्या भागातल्या लोकांना वर्तमानपत्राच्या अग्रलेखांतून कळला नाही. तो कळला निळू फुले यांच्या चालण्याबोलण्यातून. त्यांचा खलनायक क्वचितच ओरडत असे. तो तिरक्या नजरेने पाहायचा, वाक्याच्या मध्येच थांबायचा, आणि त्या थांबण्यातच समोरच्याला आपली पायरी कळायची. आमच्याकडचा खरा पुढारी असाच बोलतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला आपण काय दाखवतो आहोत हे कळत नसेल, असे मला मुळीच वाटत नाही.

माझ्या लहानपणी गावच्या यात्रेत तंबूत चित्रपट लागत. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, खाली जमीन आणि मागे जनरेटरची घरघर. मी आजीजवळ बसलो होतो. फुले पडद्यावर आले आणि माझ्या आजीने पडद्याकडे पाहत कडाकडा बोटे मोडली. ज्या नटाला पाहून साठी उलटलेली बाई पडद्याला शाप देते, त्याच्यावर अन्याय झाला असे मी कसे म्हणू?

जाईची वेल

मला तुम्हा दोघांशीही मतभेद नोंदवायचा आहे. तुम्ही दोघे नटाबद्दल बोलत आहात, आणि त्या वाड्यावर बोलावल्या जाणाऱ्या बाईचा विचार दोघांच्याही लिखाणात येत नाही.

फुले यांच्या अभिनयाने धाक बसत असे, हे खरे. पण त्या साच्यातल्या बहुसंख्य चित्रपटांत ती बाई काय करते ते आठवून पाहावे. ती विहीर जवळ करते, नाहीतर नायक येऊन तिला सोडवतो, आणि शेवटच्या रिळात पाटलाला शिक्षा झाली की तिचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी थांबत नाही. तिच्यावरचा अत्याचार हा कथेला गती देण्यापुरता वापरला जातो. कृष्णाकाठ म्हणतात तसे सत्तेचे दर्शन त्यात होते, हे मान्य करूनही मी म्हणेन की ते अर्धेच दर्शन होते. ‘सखाराम बाइंडर’मध्ये लक्ष्मी आणि चंपा या दोघींना स्वतःचे मन आहे, स्वतःचा राग आहे, म्हणूनच तिथला सखाराम आपल्याला आजही अस्वस्थ करतो, त्या नाटकाला परीक्षण मंडळाशी आणि न्यायालयात झगडावे लागले, ते उगीच नाही.

आज कोणत्याही स्नेहसंमेलनात एखादा मुलगा ती नक्कल करतो आणि सगळे सभागृह हसते. मी शिक्षिका आहे, मी ते हसू समोरून पाहिले आहे. मागच्या बाकांवरच्या मुली हसत नाहीत, खाली पाहतात. नकलेसाठी फुले जबाबदार नाहीत. पण ज्या चित्रपटांनी त्या बाईला बोलूच दिले नाही, त्यांनी हे हसू शक्य केले, आणि त्या चित्रपटांना ‘लोकशिक्षण’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रंगपीठ

जाईची वेल, तुमचा मुद्दा माझ्या मूळ लिखाणात यायला हवा होता. तो आला नाही, ही माझी उणीव. मात्र तुमच्या म्हणण्याने माझी तक्रार अधिकच पक्की होते. लेखन भक्कम असले की फुले कुठे पोहोचत, याचा पुरावा ‘सामना’ आहे. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा कारखाना उभा करणारा, माणसे पोसणारा आणि प्रसंगी माणूस नाहीसा करणारा सत्ताधीश आहे. धोतर-टोपी तीच, पण फुले यांनी त्याला एक भूक दिली आहे. एका भणंग, दारुड्या, जुन्या गांधीवादी म्हाताऱ्याने आपल्याला चांगले म्हणावे, ही ती भूक. तो मास्तरांना घरी ठेवून घेतो, आपले साम्राज्य हौसेने दाखवतो, आणि मास्तर मात्र मारुती कांबळेचे काय झाले हेच विचारत राहतात. त्या प्रश्नासमोर हिंदुराव चिडतो त्यापेक्षा जास्त दुखावतो. दुष्ट माणूस दुखावलेला दाखवणे आणि तरीही प्रेक्षकाला त्याची बाजू घेऊ न देणे, हे फार थोड्या नटांना जमते. आणि ‘सिंहासन’मध्ये तर हाच नट बहुतेक वेळ नुसता ऐकतो. मंत्री, बंडखोर, कामगार पुढारी सगळे दिगूपाशी मन मोकळे करतात, आणि सत्तेचा सगळा डाव पाहून झाल्यावर तो रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. अशा भूमिका त्यांच्या वाट्याला आणखी दहा का येऊ नयेत? हिंदी चित्रपटानेही ‘सारांश’मध्ये त्यांना पुन्हा पुढारीच केले.

वाचनवेडा

एक वेगळी बाजू मांडतो. फुले यांच्या आयुष्याचे माप केवळ भूमिकांनी घेऊ नये. हा माणूस तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता आणि त्याच वेळी कलापथकात नाचत-गात होता. पुढे नाव झाल्यावर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि इतर नामवंतांबरोबर त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याचे मानधन मिळावे, म्हणून तो निधी उभा राहिला. पडद्यावर ज्या माणसाने गोरगरिबांना लुबाडले, तोच त्यांच्यासाठी झटणाऱ्यांकरिता पैसे गोळा करत हिंडत होता. ‘अन्याय झाला’ हा सूर लावून आपण त्यांना बिचारे ठरवतो, आणि ते बिचारे खचितच नव्हते.

कृष्णाकाठ

वाचनवेडा यांच्याशी सहमत आहे. परंतु जाईची वेल यांचा प्रतिसाद वाचल्यापासून मला त्या तंबूतली एक गोष्ट सारखी आठवते आहे, जी मी आधी लिहिली नाही.

आजीच्या पलीकडे आमच्याच गल्लीतली एक बाई बसली होती. गावातल्या एका मोठ्या घरी ती धुण्याभांड्याला जात असे. आजी बोटे मोडत होती, आजूबाजूच्या बायका शिव्या घालत होत्या, आणि या बाईने पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. मध्यंतर व्हायच्या आधीच ती उठली, आणि माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर निघून गेली. आजीने तिला हाक मारली नाही. मी विचारले, तेव्हा ‘पुढं बघ’ एवढेच म्हणाली.

फुले यांनी त्या रात्री खोटे काही दाखवले नव्हते, हे मी अजूनही म्हणतो. पण ती बाई शेवट पाहायला थांबली नाही, आणि तिच्यासाठी त्या चित्रपटात शेवट लिहिलेलाच नव्हता, हे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते.