पैसे आले, आता राहायचं कुठे? (न्यू जर्सी सोडावं का?)

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. नवरा ज्या कंपनीत अगदी सुरुवातीपासून होता ती गेल्या वर्षी विकली गेली आणि आमच्या वाट्यालाही बऱ्यापैकी आले. आकडा सांगत नाही, डॉलरमध्ये आठ आकडी आहे एवढंच, आणि त्यावरचा टॅक्स भरून झालाय. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मुलगी सिएटलला नोकरीला, मुलगा या फॉलला कॉलेजला जाईल. सासूबाई (वय ७९) आमच्याकडेच एडिसनला असतात, इंग्रजी बेताचंच, पण देऊळ, मंडळ, ओक ट्री रोडवरची भारतीय दुकानं आणि चार मैत्रिणी यात त्यांचं छान चाललंय.

नवऱ्याच्या डोक्यात आता फ्लोरिडा बसलंय. अॅमेझॉनचा बेझोस गेला, शिकागोहून हेज फंडवाला केन ग्रिफिन कंपनीचं मुख्य ऑफिस घेऊन मायामीला गेला, आपणच का इथे बर्फ उपसत बसायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या यादीत फ्लोरिडातलं नेपल्स (गोल्फ!), टेक्सासात डॅलसजवळ फ्रिस्को किंवा साउथलेक आणि लेकीमुळे सिएटलजवळचं बेलव्ह्यू. घराचं बजेट अडीच मिलियनपर्यंत. मला खरं तर कुठेच जायचं नाहीये पण नुसतं 'नको' म्हटलं तर घरात चालत नाही, आकडे लागतात. तर आकडे द्या, आणि तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

नाक्यावरचा_नाना:
आम्हाला असे प्रश्न कधी पडणार देवा :) वाचतोय.

हिशेबनीस:
ताई, यजमानांना एक विचारा, टॅक्स वाचवायचाय म्हणजे नक्की कुठला? कंपनीच्या शेअरवरचा मोठा फायदा होता तो विक्रीच्या वेळी तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी होता त्या राज्याने घेतला, तो विषय संपला. बेझोस २०२३ मध्ये गेला तेव्हा त्याच्याकडे विकायचे शेअर शिल्लक होते, आणि वॉशिंग्टन राज्याने (सिएटल तिथलंच) २०२२ पासून मोठ्या कॅपिटल गेन्सवर (शेअर वगैरे विकून झालेल्या फायद्यावर) ७ टक्के लावलेले होते. (त्याने स्वतः आईवडील आणि रॉकेटचं काम ही कारणं दिली, तीही खरी असतील.) तुमचं तसं नाही. तुम्हाला आता दरवर्षी व्याज-डिव्हिडंड येईल त्यावरचाच टॅक्स.

समजा एक कोटी डॉलर आहेत आणि त्यावर ४ टक्के सुटतात, म्हणजे वर्षाला चार लाख. जर्सीचा १०.७५ टक्क्यांचा दर ऐकून सगळे घाबरतात पण तो दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नाला आहे. नवराबायको मिळून चार लाखांवर जर्सीचा टॅक्स साधारण २१-२२ हजार होतो. फ्लोरिडा, टेक्सासला शून्य. म्हणजे सगळं भांडण वर्षाच्या २२ हजारांवरून चाललंय. मोठी रक्कम आहे, नाही म्हणत नाही, पण पुढे फ्लोरिडा-टेक्सासवाले येऊन सांगतीलच की ती तिकडे कुठल्या वाटेने परत जाते.

आणि गंमत बघा, कॅलिफोर्निया यादीतच नाही कारण १३.३ टक्के! पण तोही सर्वात वरचा दर. चार लाखांवर तिथे तीसेक हजार होतात, जर्सीपेक्षा आठ-नऊ हजार जास्त. उलट प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर आणि १९७८ च्या प्रॉप १३ या कायद्यामुळे मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. जर्सीत चांगल्या गावात अडीच मिलियनच्या घराला चाळीस हजारांच्या पुढे सहज जातं आणि दरवर्षी वाढतं. गोळाबेरीज केली तर दोन्हीकडे सारखंच. फक्त अडीच मिलियनमध्ये तिथल्या सिलिकॉन व्हॅलीत साराटोगाला जुनं तीन बेडरूमचं मिळालं तर नशीब म्हणायचं.

फ्रिस्कोचा_बंड्या:
आलो :) इथे येऊन बरीच वर्षं झाली, मजेत आहोत, पण फुकट काही नाही. प्रॉपर्टी टॅक्स गावानुसार पावणेदोन टक्के वगैरे धरा, म्हणजे अडीचच्या घराला चाळीस हजारांच्या वर. इन्कम टॅक्स नाही म्हणतात तो असा वसूल होतो. दर एप्रिलला काउंटीचं पत्र येतं की तुमच्या घराची किंमत वाढली, मग मे महिन्याच्या मध्यापर्यंत प्रोटेस्ट (हरकत) करायचा, अख्खी गल्ली करते, तो आमचा वार्षिक सणच आहे. राहत्या घराला वाढीवर १० टक्क्यांची मर्यादा मिळते, आणि ६५ झालं की शाळेचा टॅक्स गोठतो, ते मात्र मस्त.

दुसरं म्हणजे गारा. इन्शुरन्स महाग त्यामुळेच, आणि डिडक्टिबल (नुकसानीत आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) घराच्या विम्याच्या टक्क्यात असतो, १ किंवा २. छप्पर बदलणारे दारोदार फिरतात इथे. उन्हाळा तर विचारू नका, आईंना संध्याकाळी सातलाही बाहेर पाठवता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ ला बर्फ पडून वीज गेली होती ते आठवत असेलच, आता बऱ्याच जणांनी जनरेटर लावून घेतलेत.

पण माणसं! हनुमानाचं देऊळ आहे, भारतीय दुकानं चार मिनिटांवर, पुरणपोळी फोनवर ऑर्डर करता येते, गणपतीत तर कुठल्या आरतीला जायचं हाच प्रश्न. साउथलेकला तुम्ही म्हणाल तशी 'श्रीमंत' शांतता मिळेल पण आईंना फ्रिस्को-प्लेनोच बरं पडेल. डॅलसमधले जुने पैसेवाले हायलंड पार्कला राहतात, तिकडे आपलं कोणी भेटायचं नाही, भेटलंच तर डॉक्टर असेल.

खाडीकाठी:
नेपल्सबद्दल लिहिते, आम्ही तिथेच आहोत. जागा सुंदर आहे यात वाद नाही. नोव्हेंबर ते एप्रिल स्वर्ग. मे उजाडला की अर्धं गाव रिकामं होतं कारण ते सगळे मिशिगन, ओहायो, कनेक्टिकटकडचे, थंडीपुरतेच आलेले असतात, मग उरतो आपण, दुपारचा पाऊस आणि वादळाचे नकाशे. सीझन १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं तेव्हा सॅनिबेल बेटाचा रस्ता तुटला, फोर्ट मायर्स बीच उद्ध्वस्त झालं आणि नेपल्समध्येही समुद्राचं पाणी रस्त्यांवर आणि घरांत शिरलं.

आता विमा, कारण यजमानांना आकडे लागतात म्हणालात. हरिकेनचा डिडक्टिबल वेगळा, २ टक्के, ५ टक्के असा. वीस लाखांचा विमा असेल तर २ टक्के म्हणजे चाळीस हजार आधी तुमच्या खिशातून. पुराचा विमा यात येत नाही, तो निराळा घ्यायचा, आणि सरकारी योजनेत इमारतीला अडीच लाख डॉलरच्या वर मिळत नाही, वरचं खाजगीत. छप्पर पंधरा वर्षांपेक्षा जुनं असेल तर विमेवाले नाक मुरडतात. आमच्या विमेवाल्यांनी तर एकाही क्लेमशिवाय पुढच्या वर्षी नको म्हणून पत्र पाठवलं होतं, दुसरी कंपनी मिळेपर्यंत झोप नव्हती. घर बघताना आधी फ्लड झोन विचारा, किचन नंतर बघा.

कॉन्डो घेणार असाल तर आणखी एक. २०२१ मध्ये सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ माणसं गेली, त्यानंतर कायदा आला, तीन मजली आणि त्याहून उंच इमारती तीस वर्षांच्या झाल्या की स्ट्रक्चरची तपासणी, आणि दुरुस्तीचा फंड साठवणं सक्तीचं. त्यामुळे जुन्या इमारतींत एकदम मोठमोठी स्पेशल असेसमेंट (फ्लॅटमालकांकडून घेतलेली जादा वर्गणी) निघाली. स्वस्त दिसणारा समुद्रासमोरचा फ्लॅट बहुधा त्याचमुळे स्वस्त असतो.

गोल्फ कम्युनिटीत मेंबरशिपचा खर्च घराच्या किमतीत नसतो, तोही विचारा. आणि हो, मराठी मंडळ टँपाला, गाडीने अडीच तास. सासूबाईंना सोबत म्हणून मीच आहे, या वाटल्यास :)

एडिसनकर:
बापरे. हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो मग जर्सीचं घर ठेवू आणि नेपल्सला सहा महिने एक दिवस राहू. हे चालतं का? त्याचे गोल्फवाले मित्र असंच करतात म्हणे.

हिशेबनीस:
चालतं, पण दिवस मोजले की झालं असं नाही. जर्सीत घर ठेवून १८३ पेक्षा जास्त दिवस काढलेत तर रहिवासी धरतात हे खरं, पण त्याहून कमी दिवस राहिलात तरी तुमचा डोमिसाइल (कायमचं घर) खरोखर हलला का हे विचारतातच. न्यू यॉर्कवाले तर त्यात फारच पुढे, फोन कुठल्या टॉवरला लागला, टोलची नोंद, कुत्रा कुठे राहतो, फॅमिली फोटो कुठल्या भिंतीवर आहेत, इथपर्यंत बघतात. तुमच्या सासूबाई, तुमचं देऊळ, डॉक्टर, सगळी मैत्री एडिसनला आणि फ्लोरिडात फक्त गोल्फचा सेट, हे ऑडिटरला पटवणं कठीण आहे. फ्लोरिडाचं लायसन्स, काउंटीत डोमिसाइलचं डिक्लरेशन, १ मार्चच्या आत होमस्टेडचा (राहत्या घराच्या टॅक्स सवलतीचा) अर्ज, हे सगळं करावं लागेल आणि दोन घरांचे टॅक्स, विमे, माळी वेगळे. २२ हजारांसाठी!

पाऊसवेडी:
बेलव्ह्यूकडून. पगारावर टॅक्स नाही, पण कॅपिटल गेन्सचं वर आलंच आहे (घर विकलं तर त्याला तो लागत नाही, रिटायरमेंट खात्यांनाही नाही). त्याशिवाय राज्याचा इस्टेट टॅक्स (माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा) आहे, तो कोणी आधी सांगत नाही. अडीच मिलियनमध्ये बेलव्ह्यूला चांगलं घर मिळेल, शेजारचं महागडं मेडायना विसरा. आपली माणसं खूप. पण डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत अंधार, मला आवडतो, माझ्या आईला दुसऱ्या हिवाळ्यात नको झालं. लेक जवळ आहे हे खरं, पण चोवीस-पंचविशीतली लेक सिएटलला कायम राहील हे कोणी सांगितलंय?

जुना_वकील:
सगळे जगण्याचा टॅक्स मोजताय, मरण्याचा कोणी मोजत नाहीये. इस्टेट टॅक्समधली फेडरल सूट २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलर आहे, त्यामुळे तिथे बहुतेक प्रश्न नाही. राज्यांचं वेगळं. ऑरेगॉन दहा लाखांपासून घेतं, मॅसॅच्युसेट्स वीस लाखांपासून (शिवाय २०२३ पासून साधारण दहा लाखांवरच्या उत्पन्नाला ४ टक्के जादा). म्हणजे मुलगा बॉस्टनला शिकायला गेला म्हणून तिकडे घर घ्याल तर बघून. न्यू जर्सीने इस्टेट टॅक्स २०१८ पासून काढून टाकला, आणि इन्हेरिटन्स टॅक्स (वारसाने भरायचा) आहे तो नवराबायको आणि मुलांना लागत नाही. म्हणजे ताई, या एका बाबतीत तुमचं राज्य चांगलं आहे, नवऱ्याला जरूर सांगा.

आणि महत्त्वाचं, तुम्ही दोघंही सिटिझन आहात का? जोडीदार ग्रीन कार्डवर असेल तर फेडरलमध्ये जोडीदाराला अमर्याद सूट मिळते ती आपोआप मिळत नाही, खास ट्रस्ट करावा लागतो. घर कुठे घ्यायचं त्याआधी हे.

नर्सताई:
आजींबद्दल कोणीतरी लिहायला हवं. त्यांचं मेडिकेअर अॅडव्हांटेज (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा खाजगी कंपनीकडचा प्लॅन) असेल तर तो प्लॅन काउंटीपुरता असतो, दुसऱ्या राज्यात गेलात की नवा प्लॅन, नवे डॉक्टर. बदलायला वेळ देतात, पण गुजराती-हिंदी बोलणारा डॉक्टर एडिसनला कोपऱ्यावर मिळतो, नेपल्सला शोधावा लागेल. ७९ व्या वर्षी मैत्रिणी नव्याने जमवणं किती अवघड ते मी रोज बघते.

हिशेबनीस:
नर्सताईंना अनुमोदन. आणि जर्सीतच राहायचं ठरलं तर एक करा, शॉर्ट हिल्स वगैरे महागड्या गावांच्या मागे लागू नका. तिथला प्रॉपर्टी टॅक्स मुख्यतः शाळेसाठी असतो, तुमचा धाकटा तर निघाला कॉलेजला. आहे ते घर ठेवा, जानेवारी ते मार्च नेपल्सला भाड्याने घ्या, तेवढे दिवस आजी मुंबई-पुण्याला जात असतील तर उत्तमच.

एडिसनकर:
सासूबाई डिसेंबरला पुण्याला जातातच. नवरा 'बघू' म्हणालाय, म्हणजे निम्मं काम झालं. दोघंही सिटिझन आहोत, वकीलकाका. खाडीकाठी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तीन महिन्यांसाठी भाडं साधारण किती पडतं आणि बुकिंग कधी करावं लागतं तेवढं सांगा.

खाडीकाठी:
उत्तर दिलंय. आत्ताच करा, फेब्रुवारी सगळ्यात आधी भरतो. आणि पहिला मजला (म्हणजे आपला तळमजला) नको.