मुंबई–लंडन विमानप्रवास : जाताना जास्त वेळ, येताना कमी (अनुभव धागा)

काल रात्री लेकीला लंडनच्या विमानात बसवून आल्यापासून तिचे विमान मोबाइलवरच्या नकाशात पाहत आहे, आणि माझी स्वतःची पहिली फेरी आठवते आहे. मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तरी जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. परतीच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर ताशी हजार किलोमीटरचा आकडा दिसला, तेव्हा मी शेजारच्या काकांना हलवून जागे केले होते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

ठाणेकर : हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाचा परिणाम. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचा हा वारा हिवाळ्यात अधिक जोरात असतो, म्हणून जानेवारीत जातानाचा आणि येतानाचा फरक जास्त जाणवतो.

नाशिकची सून : ताई, लेक सुखरूप पोहोचली का? बाबांना नेले तेव्हा आमची खरी चिंता त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची होती. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. डॉक्टरांना विचारून बाबांनी एक घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवले आणि विमानात गोळी त्यावर बघून घेतली.

धागाकर्ती : अजून नाही, कास्पियन समुद्र नुकताच ओलांडला आहे. डब्यात दिलेल्या दशम्या खाल्ल्या असतील एव्हाना.

जुना पुणेकर : फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, त्या वसंतात मी दिल्लीहून निघालो होतो. विमान आधी दक्षिणेला गुजरातकडे आले, मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळले. दिल्लीकरांना हा वळसा जुलैपर्यंत सोसावा लागला. नकाशावर मोजलेले अंतर आणि प्रत्यक्ष उडालेले अंतर यांत किती तफावत पडू शकते, हे मला तेव्हा कळले.

हाउन्स्लो निवासी : शेवटचा अर्धा तासही हिशेबात धरावा. हीथ्रोला गर्दी असली की विमाने आकाशात ठरलेल्या जागी एकावर एक थरांत घिरट्या घालत थांबतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथेही वाट पाहावी लागते.

ठाणेकर : ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. त्या पिढीच्या प्रवाशांचे मला फार कौतुक वाटते. कोणाच्या आजी-आजोबांनी त्या काळात हा प्रवास केला असल्यास सविस्तर लिहावे.

नाशिकची सून : ताई, पोहोचल्याचा निरोप आला की इथे कळवा. तिथे आता थंडी आहे, स्वेटर हातातल्या पिशवीत दिला आहे ना?