पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घेतली तर खरंच पैसे वाचतात का?

नीलपक्षी

आमची पेट्रोल गाडी ९ वर्षांची झाली. काही कुरकुर नाही, पण भेटेल तो म्हणतो, "अजून पेट्रोल जाळता? इलेक्ट्रिक घ्या, खर्च पाव होतो." तीन आठवडे वहीत आकडे मांडते आहे. दर सगळीकडे वेगळे, म्हणून पैशांऐवजी लिटर आणि युनिटमध्ये हिशेब केला. ज्याने त्याने आपापले दर घालावेत.

गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला १५ किमी. म्हणजे १०० किमीला ६.७ लिटर. त्याच आकाराची इलेक्ट्रिक १०० किमीला साधारण १५ युनिट घेते, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर १७. आता १७ ला ६.७ ने भागा, अडीच येतात. एका लिटरच्या पैशांत अडीचपेक्षा जास्त युनिट मिळत असतील तर चालवायला इलेक्ट्रिक स्वस्त. १० युनिट मिळत असतील तर खर्च खरोखरच पावावर येतो.

माझा कल घ्यावी असाच आहे. हिशेबात काय सुटलंय?

काटेकोर

भागाकार बरोबर आहे, पण तुम्ही गाडी चालवण्याचा खर्च मांडलात, बाळगण्याचा नाही. नव्या गाडीत सगळ्यात मोठा खर्च बहुतेक वेळा इंधनाचा नसतो, घसाऱ्याचा, म्हणजे गाडीची किंमत वर्षागणिक उतरते त्याचा असतो.

तुमच्याच पद्धतीने मांडतो. समजा, तशाच नव्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक ४,००० लिटर पेट्रोलच्या किमतीएवढी महाग आहे. लिटरला १० युनिट धरले तर १०० किमीमागे ५ लिटर वाचतात, म्हणजे फरक फिटायला ८०,००० किमी हवेत. वर्षाला २०,००० किमी रनिंग असणाऱ्याचा तो चार वर्षांत फिटेल. ६,००० वाल्याला तेरा वर्षं लागतील, आणि हप्त्याचं व्याज यात धरलेलंच नाही.

शिवाय ही तुलना नवी विरुद्ध नवी अशी झाली. तुम्ही तर चालती गाडी काढताय. तिचा घसारा होऊन गेलाय, ती दारात उभी राहायला जवळपास काही मागत नाही. तेव्हा वाचलेल्या पेट्रोलमधून ४,००० लिटरचा फरक नव्हे, नव्या गाडीची अख्खी किंमत वजा जुनीचे येतील ते पैसे, एवढं फेडायचंय. आणि मुख्य म्हणजे वर्षाला किती चालवता ते लिहिलंच नाहीत.

गिअरबदल

काटेकोर, घसाऱ्याबद्दल सहमत. पण तो लिटरला १५ किमीचा आकडा तुम्ही दोघांनीही तसाच पुढे नेलात, आणि शहरात चालवणाऱ्याचं गणित तिथेच बिघडतं. मी तीन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय, त्याआधी बारा वर्षं पेट्रोल.

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली पाव, फार तर तीस टक्के चाकांपर्यंत पोचवतं. बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. (तुमचा अडीचचा आकडा खरं तर इथून येतो, नीलपक्षी.) सिग्नलला थांबलात की किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालूच. थंड इंजिनवर दोन-तीन किमीची चक्कर मारली तर आणखी वाईट. इलेक्ट्रिक उभी असताना एसी आणि दिव्यांपुरतीच वीज घेते, आणि वेग कमी करताना मोटर जनरेटर होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकते.

माझी जुनी गाडी कागदावर १५ ची होती, गर्दीत जेमतेम १० द्यायची. आताची शहरात मीटरवर १६ युनिट घेते. या आकड्यांनी १०० किमीमागे ५ नाही, ८.४ लिटर वाचतात आणि तो ४,००० लिटरचा फरक ४८,००० किमीच्या आत फिटतो.

हायवेला मात्र उलटं होतं, हेही सांगायला हवं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तिथे माझे १६ चे २० होतात. पेट्रोल इंजिन त्याच वेळी आपल्या चांगल्या टप्प्यात चालत असतं. ज्यांचं रनिंग बहुतेक हायवेचं आहे त्यांनी माझा आकडा वापरू नये.

देखभालीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट यातलं काहीच नाही. ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत.

तिसरामजला

सगळे घरचं मीटर गृहीत धरताय. माझी गाडी रस्त्यावर उभी राहते. दोन वर्षं मी बाहेरच्या फास्ट चार्जरवर काढली, तिथे मला एका लिटरच्या पैशांत ४ युनिट मिळायचे. १७ भागिले ४ म्हणजे १०० किमीला सव्वाचार लिटर पेट्रोलचे पैसे. बचत २.४ लिटरची. काटेकोरांचा फरक या गतीने फिटायला १,६५,००० किमीच्या वर लागतात. लिटरला २२ देणारी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली गाडी) १०० किमीला साडेचार लिटर घेते, म्हणजे तिच्यापुढे बचत पाव लिटर!

टायरचं कोणी बोलत नाही. बॅटरीमुळे गाडी जड, आणि मोटर पहिल्या क्षणाला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर देते. माझे पहिले चार टायर पेट्रोल गाडीच्या मानाने लवकर गुळगुळीत झाले. दर आठवड्याला चार्जरपाशी जाणारा वेळ वेगळाच. मी गाडी विकली, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

गिअरबदल

तुमचा मुद्दा खोडता येण्यासारखा नाही. जिला रात्री प्लग मिळत नाही ती इलेक्ट्रिक बचतीसाठी घेऊच नये.

पण प्लग म्हणजे मोठा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) हवाच असं नाही. साधारण ३ किलोवॅटचा साधा पॉइंट आठ तासांत २४ युनिट देतो, म्हणजे जवळपास १४० किमी. बहुतेकांचं रोजचं रनिंग त्याच्या निम्मंही नसतं. फक्त वायरिंग आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

काटेकोर

बॅटरीबद्दल मी काहीच लिहिलं नाही, कारण ती मरेल ही भीती मला पटत नाही. वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर बदलून किंवा दुरुस्त करून देण्याची असते. प्रत्यक्षात क्षमता वर्षाला दोनेक टक्क्यांनी उतरते.

माझी हरकत दुसरी आहे. २०१० ते २०२३ या काळात लिथियम बॅटरीच्या किमती ९० टक्क्यांच्या आसपास उतरल्या. पुढची गाडी स्वस्त होत गेली की आज घेतलेल्या गाडीची रीसेल खाली येते. हा तोटा पहिल्या मालकाच्या माथी, आणि त्याचा फायदा दुसऱ्याच्या खिशात. मला कोणी विचारलं तर मी तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक घ्यायला सांगेन.

नीलपक्षी

लिहायचं राहिलं होतं: वर्षाला ७,००० किमी, जवळजवळ सगळं शहरात. पार्किंग स्वतःचं, पॉइंट आहे.

गिअरबदल यांच्या आकड्याने वर्षाला ५८८ लिटर वाचतील. नव्या गाडीची किंमत लिटरमध्ये मांडून पाहिली तर तिच्या नुसत्या व्याजातच ही बचत संपते. म्हणून ठरवलं, ही गाडी एखादं मोठं काम काढेपर्यंत ठेवायची, मग वापरलेली इलेक्ट्रिक बघायची. माझ्या भावाचं मात्र रोजचं ६० किमी आहे आणि त्याची गाडी यंदा बदलायचीच आहे. त्याला धागा पाठवलाय.

एकच शंका: वापरलेल्या गाडीची बॅटरी कशी तपासायची?

गिअरबदल

सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी हेल्थचा रिपोर्ट मागा. त्यावर न थांबता स्वतःही बघा. पूर्ण चार्ज करून २० टक्क्यांपर्यंत चालवा आणि स्क्रीनवर किती युनिट खर्च झाले ते लिहून घ्या. समजा ती ४० युनिटची बॅटरी आहे आणि २७ युनिट गेले. २७ भागिले ०.८ म्हणजे ३३.७, क्षमता उरली ८४ टक्के. तीन वर्षांच्या गाडीला मी ९० च्या वर मागेन. चाचणी फार थंडीत घेऊ नका, आकडा कमी दिसतो. आणि उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या.