मानसशास्त्राचा अभ्यास आणि मित्रमैत्रिणी: तुमचं कसं जमलं?

मानसशास्त्र मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी आणि केलेल्यांसाठी हा धागा. प्रॅक्टिकल, जर्नल, संख्याशास्त्र, आणि त्यातून मित्रमैत्रिणींना वेळ. कसं जमवलंत, कुठे फिसकटलं, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

दुसऱ्या वर्षी माझी ओढाताण झाली ती लोकांचं ऐकण्यापायी. मानसशास्त्र घेतलंय म्हटल्यावर जो तो मन मोकळं करायला यायचा. एका मैत्रिणीचं नातं तुटलं होतं. रोज रात्री अकराला तिचा फोन, दीड वाजेपर्यंत. फोन कानाला लावून मी संख्याशास्त्रातलं टी-टेस्टचं (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) उदाहरण सोडवायला बघायचे. प्रमाण विचलनाच्या ओळीवर पेन तसंच टेकलेलं, खाली शाईचा ठिपका पसरत जायचा. ना धड गणित, ना धड ती. शेवटी म्हटलं, "अगं, मी मैत्रीण आहे तुझी, समुपदेशक नाही. शिकलेल्या माणसाकडे जाऊया, मी येते सोबत." दोन दिवस ती बोलली नाही. मग गेलो. मी बाहेर बसून राहिले. हे मला पहिल्याच वर्षी कुणी सांगायला हवं होतं.

---

माझं उलट. मी सगळ्यांना टाळून वाचत बसायचो. धडा तीन-तीनदा वाचायचो आणि परीक्षेत पाटी कोरी. मग अभ्यासक्रमातलंच स्वतःवर लावून पाहिलं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले होते, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. आता संध्याकाळी आम्ही तिघं चालायला जातो आणि एकमेकांना प्रश्न विचारतो. अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी सतत जोडीने आल्याने शिकणं) आणि साधक अभिसंधान (आपल्या वागण्याच्या परिणामांतून शिकणं) यांतला फरक मला त्या चालण्यातच पक्का झाला. अभ्यासही होतो, भेटही होते.

---

प्रयोगासाठी सब्जेक्ट, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ती माणसं, मिळवणं सगळ्यात जिकिरीचं! मी जवळच्या मित्रांनाच बसवायचे. आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवताना एकाची पेन्सिल कोपऱ्यावरच अडकली. तो वैतागला, घामाघूम झाला, आणि मी मान खाली घालून चुका मोजत राहिले. जर्नल वेळेवर गेलं, तो मात्र नंतर कधी बसला नाही. आता "नको वाटलं तर मध्येच ऊठ" हे आधी सांगते, संपल्यावर उद्देश समजावते आणि त्यांच्या कामाला तेवढाच वेळ देते.

---

अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मानसिक विकारांचा विषय, शिकत होतो त्या सत्रात मला प्रत्येकात लक्षणं दिसायची. गप्पांत बोलूनही दाखवायचो, "हे तुझं दमन आहे," म्हणजे नकोसं काही तू नकळत मनात दाबून टाकतोयस. एक मित्र शांतपणे म्हणाला, "तुझ्याशी बोलताना तपासायला बसल्यासारखं वाटतं." फार लागलं ते. माफी मागितली. तेव्हापासून कट्ट्यावर वर्गातला एकही शब्द काढत नाही.