शब्दचर्चा: बग्गी 'ट्यून' करणे, आणि त्यावरून फेरफार, ओढ, बसणे

बांधावरून:
'बाजा' (BAJA) या कॉलेजांच्या ऑफ-रोड स्पर्धेसाठी बांधलेल्या आमच्या बग्गीवर काम करायला येणाऱ्या नव्या पोरांसाठी मराठीत एक पुस्तिका लिहितोय. डिप्लोमाची बरीच पोरं मराठी माध्यमातली. वेल्डिंग, फिटिंग सगळं हाताने करतात, पण इंग्रजी मॅन्युअल समोर आलं की नुसती चित्रं बघतात. गाडी साधीच आहे: पाइपांचा सांगाडा, मागे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवरचं इंजिन, सीव्हीटी (बेल्ट आणि दोन पुल्यांनी आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) आणि एकट्या माणसापुरती सीट.

अडलंय तीन शब्दांवर. मॉडिफिकेशन, ट्यूनिंग, परफॉर्मन्स. एका सरांनी 'फेरफार, समायोजन, कामगिरी' असं सुचवलं. ते वाचून गाडीत बसावंसंच वाटेना. भाषांतराच्या ॲपने तर सस्पेन्शनचं 'निलंबन' केलं आणि गव्हर्नरचे (इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्यापलीकडे जाऊ न देणारा भाग) 'राज्यपाल'. "राज्यपाल ३८०० वर ठेवून निलंबन कडक करा" हे वाक्य सध्या आमच्या वर्कशॉपच्या दारावर खडूने लिहिलेलं आहे. कोणी काही चांगलं सुचवेल का?

कोशकीडा:
राज्यपालांना नमस्कार सांगा.

'फेरफार' हा शब्द मुळात वाईट नाही. गावाकडे फेरफार पडतो तो तलाठ्याच्या दप्तरात, गाव नमुना ६ मध्ये. जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली की त्याची नोंद. शहरात वर्तमानपत्रात वाचतो ते 'हिशेबात फेरफार', 'गुणपत्रिकेत फेरफार'. दोन्हीकडे बदलतो तो कागद. तुमची पोरं लोखंड कापून नवा ब्रॅकेट वेल्ड करतात, त्याला फेरफार म्हटलं की खटकतं ते यामुळे. 'सुधारणा' तर आधीच निकाल देऊन मोकळी होते, आणि बदल केल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालली असं होतंच की. 'बदल' हा अडीच-तीन अक्षरांचा शब्द काय वाईट आहे?

पासिंगवाले काका:
रस्त्यावरच्या गाडीला मात्र 'फेरफार' चपखल बसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेला मूळ तपशील आणि आरसी बुकातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. परवानगी घेऊन सीएनजी किट बसवलं आणि बुकावर चढवलं तर तो बदल. मोठे टायर, कर्कश सायलेन्सर टाकून गुपचूप फिरवली तर फेरफार. तुमच्या बग्गीला पासिंगच नाही, त्यामुळे ती टेम्पोत घालूनच मैदानावर न्यायची. हे पुस्तिकेत पहिल्या पानावर टाका, शब्द कुठलाही वापरा.

लेथमास्तर:
माझं शॉप आहे, अशा दोन-तीन कॉलेजांच्या गाड्यांचं टर्निंगचं काम येतं. तुम्ही सगळे नामं शोधताय. गॅरेजात नामं सगळी इंग्रजीच असतात आणि त्याने कोणाचं अडत नाही: कार्बोरेटर, बेल्ट, हब, शॉकअप, टायरॉड. मराठी राहते ती क्रियापदांत. इंजिन 'उतरवतात', 'खोलतात', 'बांधतात'. टायमिंग 'लावतात'. गाडी रेस 'धरते' किंवा 'धरत नाही', मिस 'मारते', पेट्रोल 'पिते', एका बाजूला 'ओढते'. चेंबर दगडाला 'लागतो'. तुमच्या ट्यूनिंगला 'लावणे' म्हणा. तंबोरा लावतात, तबला लावतात, टायमिंग लावतात. पोरगं दहा मिनिटांत समजेल.

बांधावरून:
लावणे आवडलं. पण प्रकरणाचं नाव काय देऊ? 'बग्गीची लावणी'?

कोशकीडा:
त्या नावाने पुस्तिका खपेल हे नक्की. 😄

स्कूटरवाली:
आमच्याकडे सरळ 'सेटिंग' म्हणतात. "सेटिंग लावून दे." साहेबांशी सेटिंग करणारे वेगळे, पण गॅरेजात उभं राहून कोणी तो अर्थ घेत नाही. प्रकरणाचं नाव 'सीव्हीटीचं सेटिंग', आत वाक्यात 'लावणे'. प्रश्न मिटला.

डेट्रॉइटकर:
कॉलेजात असताना मीही याच गाडीमागे रात्री घालवल्यात, पिथमपूरच्या मातीत. इंदूरजवळच्या त्या ट्रॅकवर भारतातली स्पर्धा २००७ पासून सुरू झाली. मूळ अमेरिकेतलं, साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ मध्ये. आणि हो, उच्चार 'बाहा'. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९६७ पासून जी शर्यत होते तिच्यावरून. आमच्यातले निम्मे जण शेवटपर्यंत 'बाजा'च म्हणायचे, आणि गाडी बंद पडली की तो उच्चार शोभायचाही.

पुस्तिकेच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे या गाडीत इंजिनाला हात लावायचा नसतो. सगळ्यांना तेच इंजिन, गव्हर्नर बांधलेला, सील. म्हणजे 'इंजिन ट्यूनिंग' हे प्रकरणच नाही. जे काही लावायचं ते इंजिनाच्या पुढे: सीव्हीटी, गिअरचं प्रमाण, टायर, शॉकअप. म्हणून 'परफॉर्मन्स'ला एक शब्द शोधू नका, फोडा. स्पर्धेत तो फोडलेलाच असतो. सरळ पट्ट्यावर पळवतात ते 'पिकअप'. वजन बांधून ओढायला लावतात किंवा डोंगर चढवतात ती 'ओढ'. चार तास खडकांतून, चिखलातून चालवतात तो 'टिकाव'.

कोशकीडा:
शेवटच्याला 'दमसास' म्हणा हो. गवयाचा असतो तो. चार तास न थांबता.

लेथमास्तर:
टिकाव बरा आहे. दमसास म्हटलं तर पोरं एअर फिल्टर साफ करत बसतील.

बांधावरून:
'ओढ' यावर जरा बोलायचंय. आमच्या पोरांना टॉर्क पाठ आहे, सूत्रासकट. पण मोठा टायर टाकला की गाडी जोरात ओढेल असं प्रत्येक नव्या बॅचला वाटतं, कारण ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं असतं. त्यांना मी असं करून दाखवतो. २३ इंचाच्या टायरचा घेर साधारण १.८३ मीटर. इंजिन ३८०० आरपीएमवर, सीव्हीटी पूर्ण उघडल्यावर प्रमाण ०.९, पुढे गिअरबॉक्स ७.७५ (दोन्हींचा गुणाकार जवळपास ७, म्हणजे इंजिनाचे सात फेरे तेव्हा चाकाचा एक). चाक मिनिटाला ५४५ फेरे मारतं, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. आता गिअरबॉक्स ९ चा केला तर वरचा वेग ५१-५२ वर येतो, पण ओढ १६ टक्क्यांनी वाढते. उलट, गिअरबॉक्स तोच ठेवून २५ इंचाचा टायर टाकला तर कागदावर वेग ६५ दिसतो आणि ओढ ८ टक्क्यांनी जाते. चढावर इंजिन रडायला लागतं ते तेव्हा.

तर वाक्य कसं लिहू? "ओढ वाढते, पळ कमी होतो" असं लिहिलंय. 'पळ' चालेल का?

कोशकीडा:
'पळ' म्हणजे पळ काढणे, किंवा घटकेचा साठावा भाग. "गाडी ओढते जास्त, पळते कमी." मास्तरांचंच म्हणणं, क्रियापद ठेवा.

स्कूटरवाली:
सीव्हीटीसाठी एक सुचवू? गिअरलेस स्कूटर सगळ्यांच्या घरी आहे. तिच्या व्हेरिएटरमधले, म्हणजे पुढच्या पुलीतले रोलर हलके टाकले की बेल्ट पुलीवर उशिरा वर चढतो, इंजिन जास्त आरपीएमवर राहतं, पिकअप येतो. जड टाकले की बेल्ट लवकर चढतो, इंजिन शांत चालतं, पण ओव्हरटेक करताना जीव जातो. बग्गीच्या पुढच्या पुलीतली वजनंही त्याच नियमाने वागतात ना?

डेट्रॉइटकर:
अगदी. वजनं हलकी किंवा पुढच्या पुलीची स्प्रिंग कडक केली की बेल्ट उशिरा चढतो. मागच्या पुलीची स्प्रिंग वेगळं काम करते, चढ आला की बेल्टला परत खाली आणते. इथे 'बेल्ट चढणे, उतरणे' हे शब्द फार चांगले आहेत, इंग्रजीतल्या अपशिफ्ट-बॅकशिफ्टपेक्षा डोळ्यांसमोर जास्त दिसतं. फक्त एक धोका आहे. पुली सोडून पडला तरी आपण 'बेल्ट उतरला' म्हणतो. तेव्हा दुसऱ्यासाठी 'निघाला' राखून ठेवा.

लेथमास्तर:
आता खरा गोंधळाचा शब्द सांगतो. 'बसणे'.

शॉकअप बसले, म्हणजे गेले, बदला. बेअरिंग बसलं, म्हणजे नीट जागेवर गेलं, काम झालं. गिअर बसला, म्हणजे पडला. इंजिन बसलं, म्हणजे संपलं, पिस्टन चिकटला. आणि गाडी बसते, म्हणजे माणूस आत बसल्यावर मागची बाजू खाली जाते. आमच्याकडे एका पोराने फोनवर विचारलं, "मास्तर, गाडी किती बसली पाहिजे?" मी म्हटलं, "अजिबात नाही बसली पाहिजे!" तो मागची बाजू किती खाली जावी ते विचारत होता, मला वाटलं इंजिनाचं विचारतोय.

डेट्रॉइटकर:
आणि तो बरोबर विचारत होता. या गाड्यांत ती बसायलाच हवी. चाकाचा एकूण खाली-वर प्रवास २५० मिलिमीटर असेल तर ड्रायव्हरसकट गाडी उभी असताना त्यातले साधारण ७५ वापरले गेलेले पाहिजेत. नाही तर खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नाही, ते हवेत लटकतं आणि हवेतलं चाक ना ओढतं ना वळतं. इंग्रजीत याला सॅग म्हणतात. मराठीत काय करायचं?

कोशकीडा:
'दबणे'? गादी दबते तसं.

लेथमास्तर:
'दब' आमच्याकडे चालतं. "स्प्रिंग किती दबतेय बघ." बसणे टाळून दबणे वापरलं तर फोनवर घोटाळा होणार नाही.

बांधावरून:
घेतलं. आणि 'कडक'? शॉकअपवरची चुडी (स्प्रिंग दाबणारी आट्यांची रिंग) फिरवली की सगळे म्हणतात कडक केला.

डेट्रॉइटकर:
इथे भांडायला मी तयार आहे. चुडी फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, तेवढंच. सरळ गुंडाळीची स्प्रिंग असेल तर तिचा कडकपणा तोच राहतो, एक सेंटिमीटर दाबायला लागणारं जास्तीचं वजन बदलत नाही. गाडी उंच होते आणि कमी दबते. कडक करायचा तर स्प्रिंग बदला. आणि उसळल्यावर गाडी किती वेळ झुलत राहते ते तिसरंच, ते आतल्या तेलाचं काम. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच 'कडक' म्हणतो आणि मग चुडी पिळत बसतो. पुस्तिकेत तीन शब्द हवेतच: चुडीने 'उंच करणे', स्प्रिंग बदलून 'कडक करणे', तेलाने 'उसळी मारणे'.

लेथमास्तर:
पहिली दोन मान्य. 'उसळी मारणे' म्हणजे तर उडी मारणे झालं, नेमकं उलटं! 'उसळी धरणे' म्हणा. शॉकअप उसळी धरतो किंवा धरत नाही, असं आम्ही बोलतोच.

डेट्रॉइटकर:
खरंय. धरणे.

पासिंगवाले काका:
चाकांचं काय? 'फाकली' म्हणतात ना?

लेथमास्तर:
म्हणतात, पण दोन अर्थांनी. वरून फाकली तर कॅम्बर, पुढून फाकली तर टो-आउट. नुसतं फाकली म्हटलं की समजायचं गाडी कुठेतरी आदळलीय. बग्गीत पुढची चाकं पुढून जराशी फाकलेली मुद्दामही ठेवतात, वळणात नाक पटकन आत जातं. सरळ रस्त्यावर मात्र स्टिअरिंग सारखं धरून ठेवावं लागतं. तेव्हा 'पुढून' की 'वरून' हे लिहा, बस.

कोशकीडा:
बैलगाडीचे शब्द वापरायला इतका वाव असताना कोणी काढले नाहीत याचं नवल वाटतं. हबला तुंबा, ॲक्सलला आस, चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव.

लेथमास्तर:
माझ्या वडिलांना कळले असते. आज काउंटरवर जाऊन तुंबा मागितला तर भाजी आणायला पाठवतील. वंगण मात्र अजून चालतं.

स्कूटरवाली:
आणि 'जुगाड'? त्याशिवाय बग्गीवरची चर्चा अपुरी. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली होती, २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. तेव्हा सगळीकडे 'जुगाड' हाच शब्द फिरत होता. मला तो तेव्हाही कमीपणाचा वाटला. चारी चाकं, स्टिअरिंग, ब्रेक सगळं जुळवून चालती गाडी केली त्याला जुगाड?

कोशकीडा:
'जुळवाजुळव' आहे आपल्याकडे. जे हाताशी आहे त्यातून मेळ बसवणे. पण तीही लग्नात आणि सरकार स्थापनेत जास्त वापरली जाते. मी त्या गाडीला सरळ 'बांधलेली गाडी' म्हणेन. इंजिन बांधतात, घर बांधतात, तसं.

बांधावरून:
सगळ्यांचे आभार. एक तुकडा लिहून टाकतोय, फाडा:

"बदल करण्याआधी गाडी आहे तशी चालवून बघा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी टायरची हवा बघा. रस्त्यावरच्या मोटारीला ३० पीएसआयच्या आसपास हवा लागते, आपल्या फुगीर टायरांना १० च्याही खाली. चिखलात हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि माती धरतो. मग ड्रायव्हर बसवून गाडी किती दबते ते मोजा, चुडीने उंची लावा. शॉकअप उसळी धरतो का बघा. शेवटी सीव्हीटी लावा: चढावर इंजिन रडत असेल तर बेल्ट लवकर चढतोय, वजनं हलकी करून पुन्हा त्याच चढावर न्या."

लेथमास्तर:
'माती धरतो' फक्कड. एक भर घाला: हवा फार उतरवली तर वळणावर टायर रिमवरून निघतो. 'उतरतो' लिहू नका, नाही तर पोरं समजतील हवाच उतरली.

स्कूटरवाली:
आणि वजनं दोन्ही बाजूंनी सारखीच बदलायची हे लिहा. आमच्याकडे एकाने सहापैकी तीनच रोलर नवे टाकले होते.