१९५६ सालचं ड्रायव्हिंग लायसन : बुरशी कशी काढू? नाटकासाठी नक्कलही हवी आहे

रापणकर
नमस्कार मंडळी. मालवणच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं १९५६ सालचं ड्रायव्हिंग लायसन मिळालं. कापडी पुठ्ठ्याची छोटी पुस्तिका आहे. आत शाईने भरलेला मजकूर, नूतनीकरणाचे जांभळे शिक्के आणि स्टेपलने लावलेला कृष्णधवल फोटो. कुणीतरी वरून प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. फोटोचा एक कोपरा त्याला चिकटलाय, पिना गंजल्यात आणि मागच्या पानांवर हिरवट-पांढरी बुरशी आहे.

१) बुरशी स्पिरिटने पुसू का?
२) लॅमिनेट केलं तर टिकेल का?
३) दिवाळीनंतरच्या एकांकिकेत १९५६ सालचा ट्रक ड्रायव्हर पोलिसाला लायसन दाखवतो. तिथे हेच वापरावं की नक्कल करावी?

जुना_कागद
स्पिरिट, सॅनिटायझर, ओला कपडा, काहीही नको. जांभळ्या शिक्क्याची शाई स्पिरिटमध्ये लगेच पसरते आणि फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात.

बुरशी दमट असताना घासली तर ती तंतूंमध्ये आणखी आत जाते. म्हणून आधी सुकवा. पानांच्या मध्ये टीपकागद घाला, खोलीत पंखा लावा पण झोत पुस्तिकेवर नको. उन्हात ठेवू नका, शिक्के फिके पडतात. आत्ता पावसाळ्यात हवेतच ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते, नुसत्या पंख्याने सुकणार नाही. कुणाकडे एसी असेल तर ड्राय मोडवर दोन दिवस ठेवा. नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. पाच लिटरच्या डब्याला १५० ग्रॅम पुरे. जेल कापडी पुरचुंडीत घाला, कागदाला टेकू देऊ नका.

बुरशी कोरडी भुकटीसारखी झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे झटका. डाग राहतील. ते राहू द्या, डागापायी कागद खरवडू नका.

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने फोटोवरचा जिलेटिनचा थर बिघडतो, गोंद कागदात मुरतो, आणि परत काढता येत नाही. संग्राहकांच्या दृष्टीनेही लॅमिनेट केलेल्या वस्तूची किंमत पडते. मूळ फोटो जागेवर आहे का, शिक्के वाचता येतात का आणि पानं पूर्ण आहेत का, हेच ते पाहतात.

रापणकर
खूप आभार. चिकटलेला फोटो आणि पिना?

जुना_कागद
फोटो ओढू नका. ते कव्हर बहुधा पीव्हीसीचं असणार. त्यातला मऊपणा देणारा तेलकट पदार्थ बाहेर येतो आणि जिलेटिन त्याला धरून बसतं. ओढलं तर चेहरा प्लॅस्टिकवर जाईल. चिकटलेल्या भागाभोवतीचं कव्हर कात्रीने कापून टाका, तेवढा तुकडा राहू द्या. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारून मगच पुढे जा.

पिना ओढून काढायच्या नाहीत. मागच्या बाजूने पाय आणि कागद यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, म्हणजे कागद फाटत नाही. मग बोथट पात्याने एकेक पाय सरळ करा आणि पुढून अलगद बाहेर काढा. पाय तुटला तर तुटू द्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून गंज थांबत नाही. नवीन पिन लावू नका. फोटो वेगळ्या पॉलिएस्टरच्या पाकिटात आणि पुस्तिका आम्लरहित कागदात ठेवा. डांबरगोळ्या डब्यात नकोत. कसर दिसली तर पुस्तिका झिपच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दंव धरतं.

खिळा_छापखाना
रंगमंचावर मूळ नेऊच नका. घामट हात, मेकअप आणि तालमी यांत ते टिकणार नाही. आधी प्रत्येक पान ६०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी फूटपट्टी ठेवून, म्हणजे माप अचूक मिळतं.

नक्कल लेजर प्रिंटवर काढा, कारण इंकजेट चहात विरघळतं. अर्धा लिटर कोऱ्या चहात दोन चमचे पत्ती, गार झाल्यावर कागद तीन-चार मिनिटं. टीपकागदात दाबून सुकवा. सगळा कागद एकसारखा तपकिरी झाला की खोटा वाटतो, म्हणून बोटं लागतात त्या कोपऱ्यांवर थोडी जास्त छटा द्या. हस्ताक्षर फाउंटन पेनने करा, पण आधी एका तुकड्यावर लिहून बघा. भिजून सुकलेल्या कागदावर शाई फुटते. वरचा पुठ्ठा पातळ घ्या आणि बाइंडिंगचं कापड खळीने चिकटवा. तीन प्रती करा, एक तालमीत फाटणारच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आजोबांचं नाव, खरा नंबर, खऱ्या अधिकाऱ्याची सही छापू नका. अशोकस्तंभाची राजमुद्राही नको, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आतल्या पानावर ‘नाट्यप्रयोगासाठी’ असं ठळक लिहा. फसवण्याचा हेतू नाही हे कागदावरच दिसलं पाहिजे. नटाचा स्वतःचा मॅट कागदावर काढलेला फोटो लावा.

सुरंगी
स्कॅन जशाच्या तशा छापू नका! त्यात नंतरच्या नूतनीकरणांचे शिक्के आहेत, ते १९५६ मध्ये असूच शकत नाहीत. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं, त्याआधी मुंबई राज्य. शुल्क रुपये-आण्यांत हवं, कारण दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. पत्त्यात पिनकोड नको, तो १९७२ पासूनचा.

रापणकर
नमुना करून पाहिला. पत्ता ‘मालवण, जि. सिंधुदुर्ग’ असा टाकलाय, चालेल ना?

सुरंगी
नाही हो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘जि. रत्नागिरी’ करा. आणि ट्रकच्या नंबर प्लेटवर एमएच-०७ असेल तर तीही बदला, ती पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची आहे.

जुना_कागद
आणि मूळ पुस्तिकेच्या डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा पन्नासच्या आसपास असू द्या. साठच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत घाला. डबा उघडून बघण्याचं काम पौष-माघात करा, श्रावणात नको.