अनुभव धागा: अँडीज, दोघे आणि दोन सॅक

अँडीज दोघांनीच करायचा, म्हणजे गट नाही, वाटाड्या नाही, सगळे सामान आपल्याच पाठीवर. त्यासाठी नेमके काय लागते आणि कुठे फसते, तेवढेच इथे लिहा. सूर्यास्त, लामा आणि डोळ्यांत आलेले पाणी यांसाठी वेगळा धागा काढू. सगळ्यांचे बोलणे एका जागी राहावे म्हणून पेरूतला सांताक्रूझ ट्रेक समोर ठेवते: काशापाम्पा (२९०० मी.) ते वाकेरिया (३७०० मी.), साधारण ५० किमी, तीन ते चार दिवस, मध्ये पुंता उनियोन ही ४७५० मीटरची खिंड. कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. इतर ट्रेकचे लिहिलेत तरी चालेल.

सह्यवेडा

सह्याद्रीतली तयारी मांड्यांना आणि गुडघ्यांना उपयोगी, उंचीसाठी तिचा उपयोग शून्य. कळसूबाई १६४६ मीटर, आणि ट्रेकच्या आधी जिथे राहायचे ते वाराझ गावच ३०५० मीटरवर. समुद्रकाठच्या लिमाहून रात्रीच्या बसने सकाळी तिथे उतरलात की पहिला दिवस फक्त पाणी, सूप आणि झोप.

नियम मुक्कामाच्या उंचीचा आहे, चढण्याच्या नव्हे. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. सांताक्रूझमध्ये पहिला मुक्काम लामाकोराल (सुमारे ३७६० मी.), दुसरा ताउयिपाम्पा (सुमारे ४२५० मी.). वाराझहून पहिलीच उडी ७०० मीटरची. म्हणून आधी वाराझमध्ये तीन-चार रात्री काढायच्या. दिवसा विल्काकोचा तळ्यापर्यंत (सुमारे ३७०० मी.), एक दिवस सोडून चुरूप तळ्यापर्यंत (सुमारे ४४५० मी.) जाऊन परत खाली झोपायला. लागुना ६९ हे तळे साधारण ४६०० मीटरवर आहे आणि सगळ्यांना फोटोसाठी तिथेच जायचे असते. दुसऱ्याच दिवशी तिथे गेलेल्यांची डोकी सर्वात जास्त दुखतात.

दोघांना उंची एकाच वेगाने लागू पडत नाही. वय, ताकद, रोजचे धावणे यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. ज्याला उशीर लागतो त्याच्यासाठी एक दिवस वाढवायचा. तो दिवस तिकिटे काढतानाच मोकळा ठेवा, नाहीतर नंतर तो कुठून आणणार?

खिंडपार

वरच्याला जोडून. सकाळ-संध्याकाळ एकमेकांना चार प्रश्न विचारायचे: डोके दुखते का, मळमळ किंवा भूक गेली का, गळून गेल्यासारखे वाटते का, चक्कर येते का? डोकेदुखी आणि सोबत आणखी एखादे लक्षण असेल, तर त्या दिवशी वर जायचे नाही. मग सरळ रेषेत टाचेला चवडा लावत दहा पावले चालायला लावा. झोकांडी गेली किंवा बोलणे विसंगत वाटले, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता धरायची. बसल्या जागी धाप, ओला खोकला ही फुप्फुसात पाणी झाल्याची खूण. दोन्हींत तेव्हाच खाली उतरायचे, रात्र असली तरी. आजारी माणसाला एकटे खाली पाठवायचे नाही आणि तंबूत एकटे ठेवून मदत आणायलाही जायचे नाही, अगदी निरुपाय नसेल तर.

'मी ठीक आहे' हे उत्तर हिशेबात धरू नका. जोडीदाराचा ट्रेक बुडू नये म्हणून माणूस हमखास खोटे बोलतो.

आता सांताक्रूझची मेख. निर्णय ताउयिपाम्पालाच घ्यायचा, कारण तिथून परत फिरले की वाट सारखी उतरतच जाते. लामाकोराल सुमारे ५०० मीटर खाली आणि पुढे काशापाम्पा. खिंड ओलांडून पूर्वेला गेलात की पायवाट उतरते खरी, पण वाकेरियाहून युंगाय गावाला येणारा गाडीरस्ता पोर्ताचुएलो दे यांगानुको या ४७६७ मीटरच्या खिंडीवरून येतो. म्हणजे आजारी माणसाला गाडीत बसवून पुन्हा त्याच उंचीवर न्यायचे. नकाशावर हे ढळढळीत दिसते, पण ठरवताना कोणी बघत नाही.

असेटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी, प्रतिबंधासाठी १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांना विचारून आणि सल्फाची ॲलर्जी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावे लागते. हे माहीत असले की कोणी घाबरत नाही. कोकाची पाने पेरूत कायदेशीर, चहा प्या, चघळा. भारतात आणायची मात्र नाहीत, चहाच्या पुड्याही नाहीत.

उंटावरची_शहाणी

वजन. 'निम्मे निम्मे' ही वाटणी न्यायाची वाटते, पण ५२ किलोच्या आणि ७८ किलोच्या माणसाला सारखेच ओझे दिले तर तिसऱ्या दिवशी एकाचे खांदे आणि दोघांचा संवाद संपतो. शरीराच्या वजनाच्या साधारण वीस टक्के ही मर्यादा धरा आणि बाकीचे दुसऱ्याकडे.

सामाईक सामान (दोघांत): तंबू २ किलो, स्टोव्ह १०० ग्रॅम, दीड लिटरचे पातेले २०० ग्रॅम, गॅसचा डबा भरलेला साधारण ३८० ग्रॅम, गाळणी १०० ग्रॅम, औषधे ४०० ग्रॅम. अन्न माणशी रोज ६५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार दिवसांचे दोघांचे पाच किलोंवर. अन्न रोज घटते, म्हणून सुरुवातीला ते जास्त सशक्त माणसाकडे द्यायचे. चौथ्या दिवसापर्यंत दोन्ही सॅक जवळजवळ सारख्या होतात.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. पहिला प्रमाण स्त्रीदेहासाठी मोजलेला, दुसरा प्रमाण पुरुषदेहासाठी. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट लिहिलेले असते. कोरड्या हंगामात ताउयिपाम्पाला रात्री शून्याखाली जाते, म्हणून ज्याला थंडी जास्त वाजते त्याची बॅग कम्फर्ट आकडा बघून घ्या. खालची गादी पातळ असेल तर बॅगेचा आकडा फोल.

सह्यवेडा

तंबूबद्दल थोडी असहमती. बरेच जण आतला भाग एकाकडे आणि दांड्या दुसऱ्याकडे देतात. धुक्यात चुकामूक झाली तर दोघांकडेही निवारा नाही! पूर्ण तंबू एकाकडे, स्टोव्ह आणि गॅस दुसऱ्याकडे. शिवाय प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःची बॅग, हेडटॉर्च, वाऱ्या-पावसाचे जॅकेट, क्लोरीनच्या गोळ्या, आपत्कालीन चादर आणि एका दिवसाचे सुके खाणे हवेच.

उंटावरची_शहाणी

मान्य. मग फाट्यावर थांबायचा नियमही लिहा: पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर आणि ओढ्यावर थांबतो, मागचा दिसल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आणि मागचा पोचला की लगेच 'चल' म्हणत नाही. त्यालाही दम खाऊ द्यायचा असतो, महाराज. सर्वात बरे म्हणजे हळू चालणाऱ्याला पुढे ठेवणे.

पोहेवाला

गॅस विमानातून नेता येत नाही, वाराझमध्ये विकत मिळतो. स्क्रूसारखे आटे असलेला, स्टोव्हला फिरवून बसणारा डबा घ्या, आणि त्यावर मिश्रण वाचा. नुसता ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होणे थांबवतो, पहाटे स्टोव्ह फुसफुसतो आणि लोकांना वाटते गॅस संपला. आयसोब्यूटेन-प्रोपेन हवा. तो नसेल तर डबा रात्री बॅगेत घेऊन झोपा. दोघांना दिवसातून दोनदा गरम खायचे तर २३० ग्रॅमचा डबा चार दिवस पुरतो, तेही वाऱ्याला आडोसा केला तर. तंबूच्या आत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर दुकानात 'बेन्सिना ब्लांका' म्हणायचे. आपला वापरलेला स्टोव्ह विमानात नेताना साबणाने घासून, वाळवून न्या. वास आला तर काढून घेतात.

४२५० मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळते. तांदूळ, तूरडाळ विसरा, कुकर पाठीवर नेणार नसाल तर. पातळ पोहे, भाजलेला रवा, ओट्स, बटाट्याची पूड, किनुआचे पोहे (धान्य नव्हे, चपटे केलेले) हे सगळे पाणी ओतून झाकून ठेवले की होते. वाराझच्या बाजारात शेंगदाणे (ते मूळचे त्याच खंडातले), चीज आणि कांचा म्हणजे भाजलेला मका भरपूर मिळतो, उष्मांकांना उत्तम. शाकाहाऱ्यांसाठी: नुसते 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटले तर ताटात कोंबडी येऊ शकते. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (कोंबडी नको, मासे नको) हेही म्हणा.

घरून नेलेले मेतकूट, मसाले, सुका मेवा सीमाशुल्काच्या जाहीरनाम्यात लिहा. पेरूहून पुढे चिलीत जाणार असाल तर तिथली कृषी तपासणी फार कडक आहे. जाहीर केलेले फार तर टाकून देतील, लपवलेल्याला दंड.

खिंडपार

पाणी: दरीत गुरे आणि गाढवे चरतात, त्यामुळे स्वच्छ दिसणारा ओढाही गाळूनच. पोकळ धाग्यांची गाळणी एकदा गोठली की आतून फुटते, पण बाहेरून कळत नाही. रात्री ती खिशात घालून झोपा. गार पाण्यात क्लोरीनच्या गोळीला वेळ जास्त द्या. कॉर्डियेरा ब्लांका म्हणजे सांताक्रूझ ज्या डोंगररांगेत आहे तिथे काही ओढ्यांचे दगड गंजासारखे तांबडे असतात. त्या पाण्यात खडकातून धातू उतरलेले असतात. गाळणी किंवा उकळणे त्यांचे काही करत नाही, पुढचा ओढा बघा.

हातुनकोचा तळ्यापाशी वाट अचानक वाळूत शिरते. फेब्रुवारी २०१२ मध्ये वरचे हिमनदीचे तळे फुटून आलेल्या लोंढ्याची ती वाळू आहे. तिथे उन्हात पाय रुततात आणि वेळ ठरवल्यापेक्षा जास्त लागतो. खिंड दुपारच्या आत ओलांडा, ढग त्यानंतर भरतात. वाकेरियाला सकाळी लवकर पोचा. उशिरा युंगायची गाडी मिळेलच असे नाही.

दक्षिणवारा

कुस्कोकडून जाणाऱ्यांसाठी: विमानाने थेट ३४०० मीटरवर उतरता, म्हणून पहिल्या रात्री ओयान्तायताम्बोला (सुमारे २८०० मी.) झोपा. दोघांनीच स्वतंत्रपणे करायचे तर इंका ट्रेल नाही. तिथे परवाना आणि मार्गदर्शक सक्तीचा, फेब्रुवारीत बंद. साल्कान्ताय ट्रेक चालतो.

चिलीच्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात उंचीचा प्रश्न नाही, वाऱ्याचा आहे. तंबूच्या जागा आधी आरक्षित कराव्या लागतात, आणि स्टोव्ह ठरवलेल्या निवाऱ्यातच. २०११ अखेरच्या वणव्यात हजारो हेक्टर जंगल जळाले, तेव्हापासून यात सवलत नाही.

उंटावरची_शहाणी

राहिलेले दोन मुद्दे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र तिथेच भाड्याने घ्या. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवरही कारवाई झालेली आहे. आणि विम्याच्या कागदावर ट्रेकिंगच्या उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसी पुंता उनियोनच्या खूप खाली थांबतात.

पोहेवाला

पीतज्वराची लस दोघांनीही घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. पेरूला जाताना कोणी विचारत नाही म्हणून लोक टाळतात. परतताना मुंबईत पिवळे कार्ड (लसीचे प्रमाणपत्र) मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. एकाकडे कार्ड आणि दुसऱ्याकडे नाही, तर दुसऱ्याने तिथेच राहायचे.